वादळे सांगता येतात

बोटीवर आयुष्य काढलेली माणसे निवृत्तीनंतर एकत्र जमली, की त्यांच्या गप्पा एका ठरलेल्या वाटेने जातात. आधी कोण कोणत्या बोटीवर होता, कोण कोणाच्या हाताखाली शिकला, कोण अजून आहे आणि कोण गेला, याची उजळणी होते. मग कोणीतरी एका बंदराचे नाव काढतो आणि गप्पा त्या बंदरात पोहोचण्याआधीच वाटेत वादळ लागते. पुढचा तासभर ते शमत नाही, कारण एकाचे संपत आले की दुसऱ्याला त्याहून मोठे आठवते. मी सारी नोकरी इंजिन खात्यात केली आणि अशा बैठकांत माझाही वाटा नेहमी उचलला आहे. पण अलीकडे मी बोलतो कमी, ऐकतो अधिक, आणि ऐकताना एक गोष्ट सारखी जाणवत राहते. जे सांगितले जाते ते आमच्या नोकरीतले फार थोडे दिवस असतात. उरलेली सगळी वर्षे ‘मग वीस-बावीस दिवस नुसता समुद्र’ अशा एका वाक्यात उरकली जातात, आणि आम्हांला घडवले ते मात्र त्या उरकलेल्या वर्षांनीच, असे माझे मत होत चालले आहे.

वादळाला सुरुवात असते, कळस असतो आणि शेवट असतो, म्हणून ते सांगायला सोपे. त्यातही डेकवरच्या माणसांना सांगण्यासारखे अधिक असते, कारण त्यांना लाट येताना दिसते. आम्हांला ती आल्यावर कळते. पाण्याच्या रेषेच्या कितीतरी खाली, पोलादी भिंतींच्या आत उभे असताना दिसणारे वादळ म्हणजे मुख्यतः फेऱ्यांच्या मीटरवरचा काटा. लाटेने बोटीचा मागचा भाग उचलला, की प्रोपेलर पाण्याबाहेर येतो. त्याच्यावरचा भार एकदम नाहीसा होतो आणि इंजिनाच्या फेऱ्या उसळी मारतात. गव्हर्नर, म्हणजे फेऱ्या काबूत ठेवणारे यंत्र, ताबडतोब इंधन तोडतो. पुढच्याच क्षणी मागचा भाग धाडकन खाली येतो, प्रोपेलर पुन्हा पाण्यात शिरतो आणि सगळा भार परत आल्याने बोट नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत थरथरते. हे मिनिटाला अनेकदा आणि दिवसरात्र चालते. फेऱ्या हाताबाहेर गेल्या तर संरक्षणासाठी बसवलेली यंत्रणा इंजिनच बंद करते, आणि भर वादळात इंजिन बंद पडलेली बोट लाटांना आडवी जाते. म्हणून आम्ही आधीच फेऱ्या कमी करून ठेवतो आणि वरून ब्रिजवरचे, म्हणजे बोट हाकण्याच्या खोलीतले, लोक आणखी वेग मागत असतात. डेक आणि इंजिन यांच्यातल्या अर्ध्या भांडणांचे मूळ इथे आहे.

बोट अशी घुसळली जात असताना इंधनाच्या टाक्यांच्या तळाशी बसलेला गाळ ढवळून वर येतो, ही गोष्ट मात्र डेकवरच्या एकाही वादळकथेत मी ऐकलेली नाही. फिल्टर तुंबू लागतात. फिल्टर जोडीने बसवलेले असतात. एकावर इंधन चालू ठेवून दुसरा उघडायचा, साफ करायचा, परत बसवायचा, तोवर पहिला तुंबलेला असतो. जड इंधन इतके घट्ट असते, की ते इंजिनात फवारण्याआधी सुमारे १३० अंशांपर्यंत तापवावे लागते. त्यामुळे झाकणाचे नट सैल करताना आतला दाब पूर्ण उतरला आहे ना, हे दोनदा पाहायचे. गुडघे कठड्याच्या नळीत अडकवायचे, पाठ टाकीला टेकवायची, पान्यासाठी एक हात मोकळा ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने जे सापडेल ते धरायचे. जाळीवरून काळा, चिकट गाळ डिझेलने धुऊन काढताना बोट एका बाजूला कलली, की हातातला डबा, पाना, चिंध्या सगळे त्या बाजूला निघून जाते आणि बोट परत फिरली की तेच सामान परत येते. या सगळ्यात शौर्य नव्हते. ते चिडचिडीचे, मळमळीचे आणि कंटाळ्याचे काम होते, पण वर कप्तान ज्या कौशल्याने लाटांना नाळ देत होता ते कौशल्य या फिल्टरच्या जीवावर चालले होते.

सांगितलेल्या लाटा वर्षागणिक वाढतात, हे आम्ही सगळेच जाणतो, आणि ऐकणाऱ्याने मापे विचारू नयेत असा आमच्यात संकेत आहे. तरी या गोष्टींमध्ये एक मोठी फट आहे. जी वादळे सांगितली जातात ती सगळी वाचलेल्यांची असतात. सप्टेंबर १९८० मध्ये ‘डर्बीशायर’ ही प्रचंड ब्रिटिश बोट लोहखनिज भरून कॅनडाहून जपानकडे निघाली होती; ती चक्रीवादळात सापडून बुडाली आणि तिच्यावरची ४४ माणसे गेली. धोक्याचा एक संदेशही तिच्याकडून आला नाही. तिचा सांगाडा समुद्रतळाशी सापडायला १९९४ साल उजाडले, आणि पुढच्या चौकशीत निघाले ते असे, की नाळेकडची हवेची नळकांडी लाटांनी मोडली, तिथून पाणी शिरत गेले, पुढचा भाग खाली बसत गेला आणि अखेरीस हॅचच्या, म्हणजे मालाच्या कोठाराच्या तोंडावरच्या, झाकणांना लाटांचा मारा सोसवला नाही. एक क्षुल्लक वाटणारी नळी आणि तिच्यामागे सगळी बोट. माल वाहणाऱ्या मोठ्या बोटींवर काम केलेला माणूस हे नाव निघाले, की आपले वादळ अर्धवट सोडून गप्प होतो. त्याने आपल्या बोटीवरची तीच नळकांडी रंगवलेली असतात.

आता त्या न सांगितल्या जाणाऱ्या दिवसांकडे येतो. बोटीवरचा दिवस तीन वॉचमध्ये, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्यांमध्ये, विभागलेला असतो: बारा ते चार, चार ते आठ आणि आठ ते बारा. प्रत्येक वॉच दिवसातून दोनदा येते. चार तास काम, आठ तास सुट्टी, आणि त्या सुट्टीतही दुरुस्तीची कामे असतातच. माझ्या वाट्याला अधिक करून बारा-चारची आली. मध्यरात्री उठून जेवणघरात काळा चहा घ्यायचा, आणि थेट खाली न जाता आधी डेकवर जाऊन धुराड्यातून निघणाऱ्या धुराचा रंग पाहायचा, मागे सुकाणूच्या यंत्राच्या खोलीत डोकावायचे आणि मग वरून खाली एकेक मजला उतरत इंजिनाच्या तळापर्यंत जायचे. उतरताना हाताची मागची बाजू प्रत्येक यंत्राला लावायची. मागचीच बाजू का, तर काही भाजले किंवा विजेचा धक्का बसला तर हात आपोआप मागे येतो. तळवा असेल तर मूठ आवळली जाते. हे मला माझ्या पहिल्या बोटीवरच्या सेकंड इंजिनिअरने पहिल्याच रात्री सांगितले, आणि कोणत्याही पुस्तकापेक्षा ते अधिक उपयोगी पडले.

मोठ्या बोटींचे मुख्य इंजिन मिनिटाला साधारण शंभर फेऱ्या करते, म्हणजे त्याचा ठोका माणसाला मोजता येतो. २००६ साली पाण्यात आलेल्या ‘एमा मर्स्क’ या कंटेनर बोटीचे चौदा सिलिंडरचे इंजिन सुमारे २,३०० टनांचे होते, तरी त्याच्या फेऱ्या मिनिटाला १०२ इतक्याच. त्यात गिअर नसतात. बोट मागे न्यायची तर सगळे इंजिन थांबवून उलट्या दिशेने सुरू करावे लागते. याच इंजिनाला थंड करून आलेल्या गरम पाण्यावर आमचे पिण्याचे पाणीही तयार होते, कारण निर्वात भांड्यात समुद्राचे पाणी पन्नासएक अंशांनाच उकळते. चार तास या सगळ्यावर लक्ष ठेवायचे, तापमाने आणि दाब नोंदवहीत लिहायचे, आणि आधीच्या वॉचच्या आकड्यांशी ताडून पाहायचे. एखाद्या बेअरिंगचे तापमान दोन अंशांनी चढले असेल तर त्याच्याजवळ जाऊन उभे राहायचे. बहुतेक वेळा काही निघत नाही. पहाटे चारला दुसरा माणूस येतो, त्याला ‘सगळे ठीक’ असे सांगून आपण वर जातो. आमच्या कामाचे यश म्हणजे काहीही न घडणे; आणि काहीही न घडल्याची गोष्ट बैठकीत सांगणार तरी कशी?

तरी ती गोष्ट अंगात मुरलेली असते. बोटीवर झोपलेल्या इंजिनिअरला आवाजाने जाग येत नाही, आवाज थांबल्याने येते. जनरेटर बंद पडला, की सगळ्यात आधी खोलीतल्या हवेच्या जाळीतून येणारी घरघर थांबते, आणि दिवे गेल्याचे कळण्याआधी माणूस पायांत बूट घालत असतो. आणीबाणीच्या जनरेटरने ४५ सेकंदांच्या आत आपोआप वीज द्यावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्या ४५ सेकंदांत अंधाऱ्या जिन्यावर सगळे खाते एकमेकांना धडकत खाली धावत असते. पुढे रात्री खाली कोणी नसलेल्या, अलार्मवर चालणाऱ्या इंजिन रूम आल्या आणि वॉचचा माणूस आपल्या खोलीत झोपू लागला. अलार्म त्याच्या उशाशी वाजतो आणि त्याने काही मिनिटांत खाली जाऊन तो स्वीकारला नाही, तर सगळ्या इंजिनिअरांच्या खोल्यांत वाजतो. सोय झाली, यात शंका नाही. पण ज्यांनी दोन्ही पाहिले आहे त्यांना विचारा: बारा-चारच्या वॉचमध्ये झोप पूर्ण होत नसली तरी चार वाजता ती हक्काची होती, अलार्मच्या रात्री माणूस अंथरुणात पडूनही अर्धा खालीच असतो.

बंदरांच्या गोष्टींमध्ये मात्र म्हाताऱ्यांचा सूर एकदम चढतो, आणि तिथे मी त्यांच्याशी अर्धाच सहमत आहे. जुन्या सुट्या मालाच्या बोटी एका बंदरात आठवडा-आठवडा, कधी त्याहून अधिक थांबत. पोती, पेट्या, पिंपे, लोखंडी सळ्या हे सगळे डेरिकने, म्हणजे बोटीवरच्या यारीने, उचलून हॅचमध्ये उतरवायचे, फळ्यांच्या आधाराने रचायचे, मोजणाऱ्याने मोजायचे. पाऊस आला की झाकणे लावून बसायचे. त्या वेळात गाव पाहून व्हायचे, ओळखी व्हायच्या, दुसऱ्या बोटीवरच्या लोकांशी फुटबॉलचा सामना व्हायचा. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या ट्रकव्यावसायिकाच्या ‘आयडियल एक्स’ या बोटीने ५८ कंटेनर नेवार्कहून ह्यूस्टनला नेले, आणि त्या दिवसापासून आमची बंदरातली सुट्टी आकसू लागली. आज कंटेनर बोट एखाद्या दिवसात, कधी काही तासांत रिकामी होऊन भरली जाते, आणि धक्का गावापासून इतका लांब असतो, की बोटीवरचा माणूस देश फिरतो पण देश पाहत नाही. हे नुकसान खरे आहे. पण त्या लांबलेल्या मुक्कामांत गोदीकामगारांच्या पाठी मोडत होत्या, हॅचमध्ये पडून माणसे मरत होती, आणि आम्ही त्या वेळी गावात होतो, हेही त्याच गोष्टीत यायला हवे. ते सहसा येत नाही.

आमच्यातला एक सगळ्यांत कमी बोलणारा निवृत्त रेडिओ ऑफिसर आहे. त्याचा धंदाच नाहीसा झाला, आणि तोही दिवस ठरवून: १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहावर आणि स्वयंचलित यंत्रांवर आधारलेली नवी संकटसंदेश व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि बोटीवर मोर्स जाणणारा माणूस असण्याची सक्ती उरली नाही. त्याच्या खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर तीन-तीन मिनिटांचे लाल पट्टे होते. दर तासाला पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस या मिनिटांत जगातल्या सगळ्या बोटींनी ५०० किलोहर्ट्झवर मौन पाळायचे, म्हणजे कोणी बुडत असेल तर त्याचा क्षीण संदेश ऐकू यावा. तो सांगतो, की एरवी त्या लहरीवर बाजार भरलेला असे आणि ठरलेल्या मिनिटाला सगळा बाजार एकदम थांबे. बहुतेक वेळा त्या तीन मिनिटांत फक्त खरखर असायची, आणि ती खरखर ऐकणे हेच त्याचे काम होते. त्याने आणखी एक काम केले, ज्याबद्दल तो स्वतःहून बोलत नाही. घरून येणारी तार आधी त्याच्या कानांत उतरायची. कोणाला मुलगी झाली, कोणाचे वडील गेले, हे त्या माणसाच्या आधी त्याला कळायचे, आणि कागद घडी करून त्याला त्या खोलीच्या दारापर्यंत चालत जावे लागायचे. तो दारावर कसा टकटक करतो यावरून आत बसलेल्याला बातमीचा अंदाज यायचा, असे त्याच्या बरोबरचे सांगतात.

घराबद्दल एकूणच आम्ही फार बोलत नाही. पत्रे एजंटच्या पत्त्यावर जात, बोटीचे बंदर ऐन वेळी बदले आणि पत्रांचा गठ्ठा दुसऱ्याच खंडात पडून राही. म्हणून घरची माणसे पाकिटांवर अनुक्रमांक घालत, कारण सातवे पत्र आधी मिळे आणि त्यात ‘आता बरे आहे’ असे लिहिलेले असे. काय झाले होते ते पाचव्या पत्रात असे, आणि ते महिन्याने येई. आज बोटीवरून घरी बोलता येते, आणि तरुण मुले ते भाग्य समजतात. मीही समजतो. फक्त घरातले भांडण कानांत घेऊन इंजिन रूममध्ये उतरणे म्हणजे काय, हे आमच्या पिढीला ठाऊक नव्हते, आणि त्या अज्ञानाने आमची अनेक कामे सुरळीत झाली असावीत.

अडकून पडण्याच्या गोष्टींमध्ये एकच अशी आहे, जी आम्ही हसत सांगतो. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद झाला आणि त्यातून जाणाऱ्या १४ बोटी ग्रेट बिटर सरोवरात अडकल्या. आठ वर्षे. वाळवंटाच्या धुळीने त्यांना ‘पिवळा ताफा’ असे नाव पडले. बोटी वेगवेगळ्या देशांच्या होत्या, तरी खलाशांनी आपली एक संघटना काढली, स्वतःची टपाल तिकिटे बनवली आणि १९६८ मध्ये डेकवर आपले छोटे ऑलिम्पिकही भरवले. माणसे पाळीपाळीने बदलली जात होती, हे हसताना सांगून टाकले पाहिजे. पण माझ्या मते या प्रकरणातली खरी गोष्ट १९७५ सालची आहे. कालवा पुन्हा खुला होण्याच्या सुमारास ‘म्युन्स्टरलँड’ आणि ‘नॉर्डविंड’ या दोन जर्मन बोटी स्वतःच्या इंजिनांवर हॅम्बुर्गला पोहोचल्या. आठ वर्षे एका जागी उभ्या असलेल्या बोटीचे इंजिन चालते, याचा अर्थ तितकी वर्षे कोणीतरी ते ठरावीक काळाने फिरवत होते, तेल देत होते, आकडे लिहीत होते, बोट कुठेही जाणार नसताना. तिकिटे आणि ऑलिम्पिक सगळ्यांना माहीत आहे. त्या नोंदवह्या कोणी लिहिल्या, हे मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकले नाही.

२०२० मध्ये साथीमुळे बंदरांनी दारे लावली तेव्हा जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही बोटींवर अडकले होते. ते कळले तेव्हा आमच्या बैठकीत कोणी आपली गोष्ट पुढे केली नाही. करार संपण्याच्या आठवड्यात माणूस खुंटीवरच्या कपड्यांकडे कसा पाहतो, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होते. ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरू होणारे एकही वाक्य त्या दिवशी ऐकू आले नाही, आणि हे फार क्वचित घडते. एरवी आजच्या खलाशाला दिवसात किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे, हा नियम निघाला तरी म्हातारे हसतात. हसताना ते विसरतात, की पूर्वी जी बोट चाळीस-पन्नास माणसे चालवत, तिच्या कितीतरी पट मोठी बोट आज वीस-पंचवीस माणसे चालवतात, आणि शिवाय कागद भरतात. त्या कागदांत विश्रांतीच्या तासांचाही तक्ता असतो आणि तो नेहमी बरोबर जुळतो.

हल्ली बैठकीत कोणाच्या तरी फोनवर जुन्या बोटी शोधण्याचा खेळ चालतो. बोटीचे नाव, मालक, झेंडा सगळे बदलते, पण तिला मिळालेला आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, सात आकडी क्रमांक जन्मापासून अखेरपर्यंत तोच राहतो. ही पद्धत १९८७ मध्ये आली आणि १९९६ पासून सक्तीची झाली. क्रमांक घातला, की बहुतेकदा एकच उत्तर येते: तोडली. कुठे, तर आपले गुजरातमधले अलंग, बांगलादेशातले चितगाव, पाकिस्तानातले गडाणी किंवा तुर्कस्तानातले आलियागा. १९८३ पासून बोटी तोडणाऱ्या अलंगच्या किनाऱ्यावर भरती फार मोठी येते. उधाणाच्या भरतीला बोट किनाऱ्याच्या रोखाने आणायची आणि इंजिन फुल अहेड, म्हणजे पूर्ण जोराने पुढे, द्यायचे, म्हणजे ती वाळूत जितकी वर चढेल तितकी चढते. आयुष्यभर जमिनीपासून दूर ठेवलेल्या इंजिनाला शेवटचा हुकूम हाच मिळतो.

मग वाद सुरू होतो. डेकचा माणूस म्हणतो, पत्रा गेला होता, नाळेकडच्या टाक्यांत हाताचे बोट घुसत होते. इंजिनचा माणूस म्हणतो, इंजिन आणखी दहा वर्षे सहज चालले असते. खरे तर बोट बहुधा दोघांमुळेही जात नाही. दर पाच वर्षांनी येणाऱ्या मोठ्या तपासणीत किती पोलाद बदलावे लागेल, मालवाहतुकीचे दर काय आहेत आणि भंगाराचा भाव काय चालला आहे, या तीन आकड्यांचा हिशेब मालक करतो आणि ती जाते. पण तो हिशेब बैठकीत कोणाला नको असतो. त्यापेक्षा तिचे पंप गळत होते की नव्हते, यावर अर्धा तास सहज जातो, आणि ते थेंबभरही गळत नव्हते असे शपथेवर सांगणाऱ्याने ती बोट नवी असतानाच सोडलेली असते.